बेल्ट ग्राइंडरच्या अटॅचमेंट घरी कशा बनवाव्यात आणि कशा ठेवाव्यात

सुरी, कोयता, रंधा किंवा लाकूडकामाची पटाशी स्वतः घडवण्याचा नाद लागलेला माणूस लवकरच ५० मि.मी. रुंद आणि १८३० मि.मी. लांब खरखरीत पट्टा फिरवून धातू घासणाऱ्या बेल्ट ग्राइंडरपाशी येऊन थांबतो. हे यंत्र नागपुरात विकत मिळण्यापेक्षा एखाद्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेलेच अधिक दिसते. ते चालू झाले, की हवीशी वाटणारी पुढची गोष्ट म्हणजे त्यात बसणारे निरनिराळे दांडे, म्हणजेच अटॅचमेंट: सपाट घासण्यासाठी प्लॅटन, आतल्या वळणासाठी लहान चाक, पोकळ धारेसाठी मोठे रबरी चाक. नवखा माणूस येथे सहसा एकेक वस्तू सुटी-सुटी बनवत जातो आणि चौथ्या वस्तूपर्यंत पोहोचल्यावर त्याच्या ध्यानात येते, की दर वेळी दांडा बदलला की पट्टा पुन्हा रुळावर आणण्यात बराच वेळ जातो. हे टाळता येते, पण त्यासाठी सर्व अटॅचमेंट एकाच मापावर आणि एकाच बाजूला आधार धरून बनवाव्या लागतात. म्हणून प्रत्यक्ष वस्तूंकडे वळण्यापूर्वी दांडा आणि सॉकेट यांच्यावर थोडे थांबू.

दांडा आणि सॉकेट

सॉकेट म्हणजे यंत्राच्या सांगाड्याला वेल्ड केलेला चौकोनी पाईप, ज्यात दांडा सरकतो. बाजारात ज्याला ५० बाय ५० म्हणतात तो पाईप व्हर्नियरने मोजल्यास बहुधा ४९.५ मि.मी. भरतो, आणि त्याची जाडी २.९, ३.६ किंवा ४.५ मि.मी. असते. साडेचार मि.मी. जाडीचा पाईप घेतल्यास आतली मोकळी जागा साधारण ४०.५ मि.मी. राहते आणि त्यात ४० मि.मी.चा चौकोनी दांडा ठीक बसतो. नागपूरच्या इतवारी बाजारातील लोहाओळीत हा पाईप आणि दांडा दोन्ही मिळू शकतात. मात्र दुकानात जाताना व्हर्नियर सोबत न्यावे आणि तोंडी सांगितलेल्या मापावर विसंबू नये. दांड्यासाठी काळी, गरम लाटलेली सळई घेण्यापेक्षा ब्राइट बार, म्हणजे थंड ओढून गुळगुळीत केलेली सळई, घ्यावा, कारण काळ्या सळईची बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धा मि.मी. सहज कमी-जास्त असते, तर ब्राइट बारचे माप एकसारखे राहते. किंमत थोडी जास्त पडते, परंतु या एका जागी काटकसर करू नये. शक्य असेल तर पुढे लागतील तितके सर्व दांडे एकाच लांब बारमधून एकाच दिवशी कापून घ्यावेत.

दांडा पहिल्यांदा सॉकेटमध्ये घातला की तो बहुतेक वेळा अडकतो, आणि याची कारणे दोन असतात. पाईपच्या आत एका बाजूला लांबीभर वेल्डचा सांधा असतो, जो बोट फिरवले तर वरवंट्याच्या कडेसारखा उंच लागतो. शिवाय पाईपचे आतले कोपरे गोल असतात आणि बारचे कोपरे टोकदार. सांध्यासाठी लांब चपटी कानस घ्यावी, ती पाईपच्या लांबीच्या दिशेनेच चालवावी आणि मधूनमधून दांड्याला मार्करची शाई लावून तो आत-बाहेर करावा. जेथे शाई पुसली जाईल तेथेच पुन्हा कानस मारावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण अँगल ग्राइंडरने घाई केल्यास सांध्याशेजारी खड्डा पडतो आणि मग दांडा त्या खड्ड्यावर झुलत राहतो. बारच्या चारही लांब कडांना दीड ते दोन मि.मी.चा तिरपा घास द्यावा. दांडा हाताने सहज सरकेल, पण टोकाशी धरून हलवला तर खडखडणार नाही, इतके झाले की थांबावे.

आता घट्ट करण्याचा बोल्ट. तो सॉकेटच्या वरच्या बाजूला लावण्याची पद्धत आहे, पण माझ्या मते तो काम करणाऱ्याच्या बाजूने, आडवा लावावा. पाईपला भोक पाडून त्यावर एम-१२चा नट वेल्ड करावा आणि बोल्टच्या टोकाखाली पितळेचा लहान तुकडा ठेवावा, म्हणजे दांड्याला खाचा पडत नाहीत. बोल्ट आडवा असला की तो दांड्याला नेहमी समोरच्या भिंतीवर दाबतो, त्यामुळे दांडा आणि सॉकेट यांच्यात जी काही थोडी मोकळी जागा असेल ती दर वेळी एकाच बाजूला राहते. दांड्याची ही दाबली जाणारी बाजू म्हणजे आपली आधार-बाजू. प्रत्येक दांड्याच्या त्या बाजूवर, मागच्या टोकाशी, पंचने एक ठिपका मारून ठेवावा.

एकच माप

यंत्रावर पट्टा नीट धावत असताना त्याची मध्यरेषा सॉकेटच्या त्या आतल्या भिंतीपासून किती अंतरावर आहे, हे एकदा काळजीपूर्वक मोजावे. यंत्र बंद करून, प्लग काढून, चालक चाकाच्या, म्हणजे मोटरवर बसून पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या, रुंदीचा मध्य काढावा आणि तेथपासून दोरा किंवा सरळ पट्टी ताणून माप घ्यावे. समजा ते ६२ मि.मी. आले, तर यापुढे बनणाऱ्या प्रत्येक अटॅचमेंटवरील प्रत्येक चाकाचा आणि प्लॅटनचा मध्य आधार-बाजूपासून बरोबर ६२ मि.मी.वर आला पाहिजे. हे माप वहीत लिहून पुरत नाही. ५ मि.मी. जाडीच्या लोखंडी पट्टीतून एल आकाराचा एक साचा कापावा, ज्याची एक बाजू दांड्याला टेकेल आणि दुसऱ्या बाजूवर मध्यरेषेची खूण कोरलेली असेल. वेल्ड करण्यापूर्वी, टाके मारल्यावर आणि पूर्ण वेल्ड झाल्यावर, असे तीनदा हा साचा लावून पाहावा, कारण वेल्ड थंड होताना पत्रा आपल्याकडे ओढतो आणि पाव मि.मी.चा फरक चाकावर पट्टा सरकण्यास पुरेसा होतो. वेल्डिंग बाहेर करून घेत असाल तर साचा वेल्डरच्या हातात द्यावा आणि तपासणी मात्र स्वतः करावी. ‘बसतंय ना, मग झालं’ हे उत्तर स्वीकारू नये.

पहिली वस्तू: टेकू

सर्वांत आधी काम टेकवण्याची पाटी बनवावी, म्हणजेच टेकू. नवख्यांना ती क्षुल्लक वाटते, पण चौकोनी कडा, सरळ खांदा आणि बोटांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. १० ते १२ मि.मी. जाडीचा, साधारण १०० बाय १५० मि.मी.चा सपाट लोखंडी तुकडा पुरतो. तो दांड्याला थेट वेल्ड करू नये. दांड्याच्या टोकाला एक जाड अँगल वेल्ड करावा आणि पाटी त्यावर दोन एम-१० बोल्टने बसवावी. अँगलमधील भोके गोल न ठेवता ११ बाय २५ मि.मी.च्या लांबट खाचा ठेवाव्यात, म्हणजे पाटी पुढे-मागे सरकवता येते. पट्टा आणि पाटीची कड यांच्यातील फट दोन मि.मी.च्या आसपास ठेवावी. फट वाढली की पातळ काम पट्ट्याबरोबर खाली ओढले जाते आणि त्यामागे बोट जाते. पाटी काटकोनात आहे का, हे गुण्याने तपासताना गुण्या मोकळ्या पट्ट्याला टेकवू नये, कारण पट्टा दबतो. त्यामागील प्लॅटनला टेकवून पाहावे.

प्लॅटन

प्लॅटन म्हणजे पट्ट्याच्या मागे उभी असलेली सपाट पाठ, आणि तिच्या वर व खाली एकेक चाक. पाठीसाठी ५० मि.मी. रुंद, १२ मि.मी. जाड आणि सुमारे २२० मि.मी. लांब पट्टी घ्यावी. चाके ५० ते ७५ मि.मी. व्यासाची, ॲल्युमिनियमची, लेथवर करून घ्यावीत. हिंगणा एमआयडीसीच्या परिसरात असे फुटकळ काम घेणारे टर्नर आहेत, मात्र त्यांना हाताने काढलेले का होईना, मापांसह चित्र द्यावे. एका चाकात ६२०१ क्रमांकाच्या दोन बेअरिंग बसवाव्यात, ज्यांचे आतले भोक १२, बाहेरचा व्यास ३२ आणि जाडी १० मि.मी. असते, आणि त्या दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेल्याच घ्याव्यात, कारण ग्राइंडरची धूळ उघड्या बेअरिंगला फार काळ टिकू देत नाही. चित्रात हमखास राहून जाणारी एक गोष्ट येथे सांगायला हवी: दोन बेअरिंगच्या आतल्या कड्यांमध्ये एक बुश हवे, आणि चाकाच्या आत बाहेरच्या कड्यांना अडवणारा जो खांदा असतो, त्याच्या रुंदीइतकीच त्याची लांबी हवी. हे बुश नसेल तर बोल्ट आवळला की आतली कडी एकमेकींकडे दाबली जातात, चाक जड फिरते, तापते, आणि दोष मात्र बेअरिंग बनवणाऱ्यावर जातो.

चाकांच्या पुढच्या कडांना जोडणारी जी सरळ रेषा असेल, तिच्यापुढे पाठ एक ते दीड मि.मी. यायला हवी, तरच पट्टा पाठीवर सपाट टेकतो. यासाठीही पाठीच्या बोल्टची भोके लांबट ठेवावीत. उघड्या लोखंडावर पट्टा सतत घासला की काही दिवसांत मधोमध खळगा पडतो, म्हणून पाठीवर काच-सिरॅमिकचा तुकडा चिकटवतात. ही त्याच जातीची काच, जी इंडक्शन शेगडीच्या वर असते. ती उष्णतेने जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून तडकत नाही. खिडकीची साधी काच किंवा टफन्ड काच येथे चालणार नाही, आणि टफन्ड काच कापायला गेल्यास तिचा चुरा होतो. काच-सिरॅमिक डायमंडच्या चकतीने, सतत पाणी सोडत, मास्क आणि गॉगल लावून कापावी, आणि वरची कड, जिकडून पट्टा खाली येतो ती, गोलसर घासून घ्यावी. चिकटवण्यासाठी दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरावा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये, कारण इपॉक्सी तापल्यावर नरमतो. पट्टा काचेला खालच्या दिशेने ओढत असतो, म्हणून काचेच्या खालच्या कडेला आधार देणारी लहानशी लोखंडी पायरी किंवा दोन स्क्रूंची डोकी ठेवावीत. काचेची जाडी ४ मि.मी. असेल तर पाठ तेवढी मागे घ्यावी लागते. हा हिशेब आधी करावा.

लहान चाक

बोटाच्या खाचा, मुठीची वळणे आणि कोयत्याच्या पोटाकडचा भाग यांसाठी लहान चाक लागते, आणि येथे गणित टाळता येत नाही. मोटर मिनिटाला २८८० फेऱ्यांची आणि चालक चाक १०० मि.मी.चे असेल तर पट्टा मिनिटाला सुमारे ९०५ मीटर धावतो. त्याच पट्ट्यावर २५ मि.मी.चे चाक मिनिटाला सुमारे ११,५०० फेऱ्या फिरते, तर १२ मि.मी.चे चाक २४,०००. म्हणून पहिले लहान चाक २५ मि.मी.चेच करावे आणि त्यात ६२५ क्रमांकाच्या दोन बेअरिंग घालाव्यात, ज्या ५ मि.मी.च्या दांडीवर बसतात आणि बाहेरून १६ मि.मी. असतात, त्यामुळे चाकाच्या भिंतीला साडेचार मि.मी. जाडी उरते. याहून मोठी बेअरिंग कोंबण्याचा मोह होतो, पण मग चाकाची भिंत पातळ राहून तापते. चाक दोन बाजूंनी धरणारा चिमटा १० मि.मी. जाडीच्या पट्टीचा करावा आणि दोन्ही भुजांमधील भोके एकत्र धरून, एकाच वेळी पाडावीत, अन्यथा दांडी तिरकी बसते.

लहान चाकावर ताठ कापडाचा पट्टा वापरू नये. त्याला इतके तीव्र वळण सोसत नाही आणि तो सांध्याशी फाटतो. ‘जे’ (J) प्रकारच्या लवचीक कापडाचा पट्टाच मागावा. दाब हलका ठेवावा आणि चाक तापल्यास थांबावे. गती कमी-जास्त करण्यासाठी व्हीएफडी बसवलेला असेल तर या कामात तो उपयोगी पडतो. घरच्या २३० व्होल्टच्या जोडणीवर तो चालवताना मोटरचे कनेक्शन मात्र पाहून घ्यावे. आपल्याकडील दोन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी सहसा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात आणि त्या डेल्टात बदलाव्या लागतात (स्टार आणि डेल्टा हे मोटरमधील वेटोळी जोडण्याचे दोन प्रकार). हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

मोठ्या रबरी चाकाबद्दल थोडक्यातच सांगतो: ते विकत घ्यावे. रबर चिकटवणे आणि समतोल साधणे घरच्या साधनांनी होत नाही, आणि असमतोल चाक सगळे यंत्र थरथरवते. आपण फक्त त्याचा दांडा साच्यावर बनवावा.

पहिली चाचणी

नवी अटॅचमेंट लावल्यावर आधी पट्टा हाताने फिरवून तो चाकाच्या मध्यावर राहतो का पाहावे, पट्ट्याच्या आतल्या बाजूवरील बाणाची दिशा जुळवावी, मग यंत्राच्या बाजूला उभे राहून, पट्ट्याच्या रेषेत न राहता, सर्वांत कमी गतीवर सुरू करावे. पट्टा सतत एकाच बाजूला जात असेल तर लगेच ट्रॅकिंगचा, म्हणजे पट्टा मध्यावर आणण्याचा, स्क्रू पिळू नये. साचा लावून चाक तिरके आहे का पाहावे. ट्रॅकिंगच्या स्क्रूने चूक झाकली, तर पुढचा दांडा लावल्यावर ती पुन्हा उघडी पडते. गॉगल आणि एन-९५ मास्क आवश्यक आहेत. सैल बाही, गमछा, ओढणी, हातमोजे आणि मोकळे केस यांना फिरत्या पट्ट्याजवळ जागा नाही. ॲल्युमिनियम किंवा लाकूड घासल्यानंतर त्याची धूळ काढल्याशिवाय लोखंड घासू नये, कारण ठिणगी त्या ढिगात पडली तर तो पेट घेतो.

ठेवण्याची व्यवस्था

दुसरी अटॅचमेंट बनवण्यापूर्वी रॅक बनवावा, असा माझा आग्रह आहे. दांडे जमिनीवर किंवा टेबलाखाली एकमेकांवर टाकले की आधार-बाजूला ठोके बसतात, बेअरिंगमध्ये धूळ जाते आणि इतक्या काळजीने राखलेले माप हळूहळू निसटते.

वजनाचा अंदाज आधी घ्यावा. ४० मि.मी.चा भरीव दांडा मीटरला साडेबारा किलो भरतो, म्हणजे ४५० मि.मी.चा एक दांडा साडेपाच किलोहून अधिक, आणि पाच दांडे चाके व पाठी सोडून २८ किलो. नागपुरातील अनेक घरांत खोल्यांमधील भिंत चार इंची विटेची असते. तिच्यात प्लग ठोकून एवढे वजन पुढे लोंबत ठेवू नये. त्यापेक्षा अँगलचा जमिनीवर उभा राहणारा सांगाडा करावा आणि तो भिंतीला फक्त वरून एका पट्टीने अडकवावा.

सांगाड्याच्या उभ्या खांबांना १२० मि.मी. लांबीचे पाईपचे तुकडे वेल्ड करावेत. येथे सॉकेटचा जाड पाईप वापरण्याची गरज नाही, उलट २.९ मि.मी. जाडीचाच घ्यावा, त्यात दांडा साधारण ३.७ मि.मी. सैल बसतो, कानस मारावी लागत नाही आणि एका हाताने दांडा काढता येतो. तुकडे आडवे न ठेवता तोंडाकडून साधारण १० अंश वर उचललेले असावेत, म्हणजे दांडा आपल्याच वजनाने आत राहतो. परंतु असा कलता तुकडा खांबाच्या बाजूला बंद झाला, की घासकामाची काळी भुकटी तेथे साचते, पावसाळ्यात ओल धरते आणि दांड्याच्या टोकाला नेमका तेथेच गंज चढतो. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या खालच्या बाजूला, वेल्डजवळ, १० मि.मी.चे भोक पाडावे. भुकटी खाली पडून जाते. रबरी चाकाचा दांडा सर्वांत खाली ठेवावा आणि चाक जमिनीला किंवा शेजारच्या दांड्याला टेकणार नाही इतकी जागा सोडावी, कारण रबरावर महिनाभर एकाच जागी भार राहिला तर तेथे सपाट डाग पडतो. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊनही रबराला मानवत नाही.

रॅकची जागा ठरवताना कूलरचा विचार करावा. मार्च ते जून कूलरशिवाय येथे काम होत नाही हे खरे, पण त्याची ओली हवा थेट रॅकवर गेली तर भर उन्हाळ्यात दांड्यांवर पावसाळ्यासारखा तांबूस थर दिसतो. शिवाय पंप बंद असताना कूलरची खस किंवा लाकडी गवत वाळलेले असते आणि एक ठिणगी तेथे पोहोचणे धोक्याचे ठरते. ठिणग्यांच्या वाटेवर पाण्याची बादली ठेवावी आणि कूलर विरुद्ध भिंतीला असावा.

दांड्याच्या सरकत्या बाजूंना रंग देऊ नये, कारण रंगाच्या थराने दांडा सॉकेटमध्ये अडकतो. जूनच्या सुरुवातीला सर्व दांडे कोरड्या फडक्याने पुसून त्यांवर मशीन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवावा, आणि वापरण्यापूर्वी तो पुसून काढावा, नाही तर तेल आणि भुकटी यांचा लेप सॉकेटमध्ये कानसेसारखे काम करतो. चाकांना तेल लावू नये. फूटपंपाने किंवा कॉम्प्रेसरने धूळ उडवताना हवेचा झोत बेअरिंगच्या सीलवर सरळ मारू नये, कारण तो धूळ आतच ढकलतो, ब्रशने झाडावे.

पट्टे रॅकवरच, पण वेगळ्या आडव्या पाईपवर टांगावेत. खिळ्यावर टांगलेला पट्टा एकाच जागी दुमडतो, म्हणून निदान १०० मि.मी. व्यासाचा पीव्हीसी पाईप वापरावा. दाणेनिहाय वेगवेगळे पाईप ठेवावेत आणि जाड दाण्याचे पट्टे बारीक दाण्यांच्या वर टांगू नयेत, कारण गळून पडलेला एक जाड कण पॉलिशच्या पट्ट्यात अडकला तर अखेरच्या हातात खोल ओरखडा उमटतो. पट्ट्यांना मध्यम आर्द्रता लागते. मे महिन्यातील कोरडी हवा आणि ऑगस्टमधील ओल, दोन्ही त्यांच्या पाठीला आणि सांध्याला त्रासदायक असतात, म्हणून न वापरलेले पट्टे मूळ वेष्टनात, झाकणाच्या डब्यात राहू द्यावेत आणि लागेल तो एकेक बाहेर काढावा. फार दिवस पडून राहिलेला पट्टा लावण्यापूर्वी त्याचा सांधा दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. चिकटपट्टी सुटताना दिसली तर तो यंत्रावर चढवू नये.

एल आकाराचा साचा, अटॅचमेंटचे ॲलन की आणि स्पॅनर, पितळेचे तुकडे आणि जादा बेअरिंग यांच्यासाठी रॅकच्याच खांबावर एक पत्र्याचा डबा जोडावा, आणि प्रत्येक दांड्याच्या खाचेशेजारी ऑइल पेंटने त्याचे नाव व चाकातील बेअरिंगचा क्रमांक लिहून ठेवावा.